रिकाम्या डब्यांचं रान

पन्नास वर्षं झाली, पण माझा फौजेतला दोस्त भोंगा आजही माझ्याकडे आला की फाटकापासून काठीनं फरशी टोचत, एकेक पाऊल टाकत येतो. तोवर बायको चहा दोनदा गरम करते. मी मनातल्या मनात शिव्या घालतो, तोंडावर घालायची सोय नाही. का, ते ऐका.

आम्ही फौजेतले इंजिनिअर. पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे. त्या दिवशी मागे आमचा पूल, त्यावरून आपली माणसं माघारी येत होती. समोर टेकडीवर शत्रूचे रणगाडे, आणि आमचे सुरुंग संपलेले. दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे पुरायची अक्कल माझीच. भोंग्यानं नि मी डबे पुरले, तारा ओढल्या, धोक्याच्या पाट्या ठोकल्या. दुर्बिणीतून बघणाऱ्यांसाठी मी थरथरत्या हातानं घामही पुसला. रणगाडे जागीच थबकले आणि मी स्वतःवर जाम खूश झालो.

शेवटची पाटी ठोकून भोंगा परत निघाला, तोच जवळ तोफगोळा फुटला. धक्क्यानं उडून डबे पुरलेल्या रानाच्या मधोमध तो आडवा, पायातून रक्ताची धार. मी धावणार, तर साहेबांनी कॉलर धरली.

"सरळ धावलास की बिंग फुटलं. मग पूल गेला, पुलावरची माणसं गेली. सळईनं टोचत जा."

पलीकडून गोळीबार थांबला. मी कुठून वाट काढतो, ते त्यांना बघून ठेवायचं होतं. वीत-वीत अंतरावर सळई खुपसायची, डबा लागला की अदबीनं उकरायचा, बाजूला ठेवायचा.

"अरे, ये ना सरळ," भोंगा ओरडला. "काही नाहीये तिथे."

नाव काही उगाच पडलं नव्हतं, टेकडीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. "गप बस, बाबा," मी म्हणालो. त्यानं रुमाल दातांत धरला. जन्मात तेवढा एकदाच तो गप्प बसला, आणि तेच मला सोसवेना. मी रडत होतो, पण हात सावकाशच चालवत होतो.

पाऊण तास लागला. पूल वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर पायही वाचला असता.

परवा मात्र माझा धीर सुटला. "भोंग्या, ये की सरळ. काही नाहीये तिथे."

तो थांबला. काठीनं पुढची फरशी टोचून बघितली.

"मीही तेच सांगत होतो," तो म्हणाला, आणि चहा ठेवलाय का ते विचारलं.