दारावरचे तीन राइनवाल्ड

मी एक जुनी पितळी पाटी आहे, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका विद्यापीठातल्या दारावरची. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलाय, राइनवाल्ड. जर्मनीहून आलेल्या घराण्याचं हे आडनाव. मित्रांनो, नुसतं आडनावच का? तर मला घडवून घेणारे प्राध्यापक भारी हुशार! म्हणाले, "पुढेमागे घरातलं कोणी इथे आलं, तर पाटी बदलायला नको."

आणि झालंही तसंच. ते शेवाळाचे अभ्यासक. त्यांच्यानंतर त्याच खोलीत त्यांचा मुलगा गणित शिकवू लागला. मग नात आली, क्लाराबाई, जुन्या भाषा जाणणारी. विद्वान तीन, पाटी एक! मी किती मिरवलं म्हणून सांगू! पुढे मात्र मला कोणी पुसेना आणि मी पार काळवंडले.

२००६ साली क्लाराबाई निवृत्त झाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, घराण्यातल्या त्या शेवटच्या. "नाव तर माझ्याबरोबरच संपणार. निदान पाटी घरी नेते," असं त्या म्हणाल्या. खोली मिळाली त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीला, नागपूरच्या आश्लेषाला. निरोपाच्या दिवशी बाईंना द्यायची, म्हणून तिनं मला उतरवून जवळच्या ईडन प्रेरी गावातल्या आपल्या घरी नेलं.

तिची आई, सरलाकाकू, तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. "अगंबाई, किती ही काळी!" म्हणत त्यांनी चिंच-मीठ लावून मला असं घासलं की विचारू नका. मी लख्ख झाले. पण अक्षरांत भरलेला काळा रंगही त्यांनी मळ समजून काडीनं खरवडून काढला!

"अगं आई, ती घाण नव्हती, पेंट होता! नावच दिसत नाही आता. मॅडमना काय तोंड दाखवू?" आश्लेषा रडकुंडीला आली.

काकू ओशाळल्या. घरात रंग म्हणावा तर लेकीचं लाल नेलपॉलिश. तेच घेऊन बसल्या आणि एकेक अक्षर भरलं.

निरोपाच्या दिवशी क्लाराबाईंनी मला हातात घेतलं. काकूंचा जीव टांगणीला! बाईंनी लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, सगळी हकिकत ऐकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "आम्हा तिघांपैकी कोणी या नावासाठी एवढी मेहनत घेतली नव्हती. ही इथेच राहू दे. माझ्या घरी ती वाचणार कोण?"

आता दारावर आश्लेषाची प्लॅस्टिकची पाटी आहे आणि तिच्याखाली मी, लालचुटूक. नवी मुलं हमखास विचारतात, "राइनवाल्ड कोण?" मग आश्लेषा हातातलं काम ठेवून शेवाळवाल्या आजोबांपासून सुरुवात करते. मी फार सुखात आहे.

मित्रांनो, जुन्या पाट्या जरूर घासा. पण आधी नाव वाचा, ते कोणाचं होतं ते कोणाला तरी विचारा. आणि हो, चिंच जरा बेतानं!