कामापुरतं बोलणं

माझी बायको माझं ऐकत नाही, असं प्रत्येक नवरा म्हणतो. माझ्या खुर्चीत दाढीला बसणारे तर रोज म्हणतात. मी म्हणतो तेव्हा मात्र ते शब्दशः खरं असतं, कारण ती जन्मापासून बहिरी आहे. तरी आमच्या घरात जास्त कोण बोलतं विचाराल, तर तीच. हातांनी बोलते. मी न्हावी, माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पण भांडणात तिच्यापुढे माझा कधी टिकाव लागला नाही. मी पाठ फिरवली की खांद्याला धरून ती मला वळवते आणि उरलेलं सुनावते.

आमची मुलगीसुद्धा आधी हातांनी बोलायला लागली, मग तोंडाने. मायलेकींचं माझ्याविरुद्ध काय काय शिजायचं ते मला निम्मं कळायचंही नाही, इतके त्यांचे हात भरभर चालत. पुढे ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि तिला मुलगी झाली. गालाला खळी पडते म्हणून तिचं नावच खळी पडलं.

खळी बसायला लागली तेव्हा मुलीचं काम घरूनच चालायचं. दुपारी ती फोन खळीसमोर उभा करून ठेवायची. इकडे आमचा फोन शिलाई मशीनवरच्या रिळांच्या डब्याला टेकलेला. बायको एका शिंप्याच्या शर्टांना काजं-बटणं करते. ती काजं करत बसायची आणि पलीकडे नात चमचा चावत बसायची. बराच वेळ काहीच घडायचं नाही. मधेच पोर वर बघायची, की ही सुई खाली ठेवून हातांनी काहीतरी बोलायची, आणि तिकडून दोन गुबगुबीत हात तसंच करायला धडपडायचे. खळीने पहिला शब्द काढला तो हातांनी, आजीच्या भाषेत. त्या दिवशी बायको मला सांगायला भर दुपारी दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या गालाला अर्धा साबण लागलेला असताना.

मग इंटरनेटवाल्या कंपनीने नियम बदलला. तोवर महिन्याची ठरलेली रक्कम भरली की कितीही वापरा, असं होतं. आता जेवढं वापराल तेवढं भरा. दुकानात त्यावर दोन दिवस वाद रंगला. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, यात गैर काय? मी सकाळी बातम्या वाचतो आणि फोन ठेवून देतो. शेजारचा पोरगा दिवसभर सिनेमे बघतो. त्याच्या चैनीचा भार मी का उचलायचा? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "मग मास्तर, तुमच्या या चार केसांचं काय करू? इतकी वर्षं तुम्ही आणि तो पलीकडचा झिपऱ्या एकच दर देताय." दुकान हसलं, मास्तरही हसले.

पण खरं सांगायचं तर मलाही त्यांचं पटलं होतं. पाणी मोजून येतं, वीज मोजून येते. पंखा उगाच चालू दिसला तर मीच ओरडतो. फक्त एक गोष्ट मला नंतर कळली. फोनवरच्या आवाजाला चिमूटभर इंटरनेट लागतं, आणि चित्राला पोतंभर. तोंडाने बोलणाऱ्याचं स्वस्तात भागतं. हातांनी बोलणाऱ्याने आणि सिनेमे बघणाऱ्याने मात्र एकाच रांगेत उभं राहायचं.

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड होती. व्हिडिओ बंद ठेवा आजोबा, नुसतं बोला, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बायकोला ऐकू येत नाही. मग मेसेज पाठवत जा, ती म्हणाली. मी म्हटलं, नात दीड वर्षाची आहे. त्यावर तिने मला तक्रारीचा नंबर दिला. तक्रार फोनवर बोलूनच करायची होती. मला असा संताप आला की परतताना मी वाटेतल्या एका सभ्य माणसाशी विनाकारण भांडलो.

बिलं दोन्ही घरांत आली. मुलगी म्हणाली, दोन्हीकडचं मी भरते, आईला काही कळू देऊ नका. पण बायकोला माझ्या तोंडाकडे बघूनच सगळं कळतं. तिने हात असे झटकले की वाद संपला. "माझं बोलणं मुलीच्या संसाराला भारी नको," ती म्हणाली. तिनेच मग नियम घातला. व्हिडिओ लावायचा तो काही सांगायचं असेल तेव्हा. नुसतं खेळणं बघायला नाही. एरवी मी आणि मुलीने आवाजावर बोलायचं, आणि मी ते बायकोला हातांनी सांगायचं.

इथेच आमचं चुकलं. दुकानात मी कामापुरतंच बोललो असतो तर एक गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण दीड वर्षाच्या पोरीला सांगण्यासारखं काम असतंच कुठे, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. व्हिडिओ लागायचा, मुलगी म्हणायची आजीला नवे बूट दाखव, पोर बूट दाखवून पळून जायची, आणि बायको घाईने फोन बंद करायची. आपण वाचवलं, म्हणून खूशही व्हायची. रिळांच्या डब्याजवळची जागा रिकामी झाली. तिची काजं मात्र लवकर उरकायला लागली.

पुढे मुलीला नवी नोकरी लागली आणि खळी पाळणाघरात जायला लागली. तिथे सगळे तोंडाने बोलणारे. पोरीची जीभ अशी सुटली की बस. आवाजावर माझ्याशी अखंड टकळी चालायची. मी फोन मान आणि खांद्यामध्ये धरून, मोकळ्या हातांनी एकेक वाक्य बायकोला सांगत जायचो. ती हसायची. मला वाटायचं, चाललंय की छान.

मधे त्यांना येणं जमलं नाही, आम्हाला जाणं. ती सगळी आली तेव्हा खळी चार वर्षांची व्हायला आली होती. बायको दारातच गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्या गालावर बोट टेकवून फिरवलं. हे खळीचं नाव, आमच्या घरातल्या हातांच्या बोलीतलं. पोरीने तिच्याकडे बघितलं आणि आपला गाल पुसला. काहीतरी लागलंय असं तिला वाटलं. बायकोने पुन्हा बोट फिरवलं. खळीने दुसराही गाल पुसला आणि आईला विचारलं, "गेलं?"

मुलगी सामान उचलायच्या निमित्ताने बाहेर वळली. नंतर स्वयंपाकघरात माझ्याजवळ ढसाढसा रडली. "बाबा, मी घरी येते तेव्हा ती झोपायला आलेली असते. यांना हातांचं येत नाही. तिथे मला तरी हातांनी बोलायला कोण आहे?" काय रागावणार तिला? मी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

खळीला आजी आवडली, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई बाजारात गेले, तर ही आजीच्या मांडीवर बसून बटणांशी खेळत होती. बायको वरून तिचे केस बघत होती. हात तिने पोरीच्या पोटाभोवती गुंफून ठेवले होते. कालपासून ते फारसे चाललेच नव्हते. खळी माझ्याकडे वळली.

"आजोबा, आजीला सांग ना, मला पाणी हवंय."

बायकोला तिचे ओठ हललेले दिसले. एक हात सोडवून तिने मला विचारलं, काय म्हणाली?

हा प्रश्न तिने जन्मभर विचारलाय. दुकानदार काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, तुमच्या आत्या मला बघून काय म्हणाल्या. मांडीवरच्या माणसाबद्दल तिला तो कधी विचारावा लागला नव्हता. मी डोळे पुसले नाहीत, कारण मला हात मोकळे हवे होते. तिला पाणी हवंय, मी सांगितलं.

बायकोने मान हलवली, खळीला अलगद खाली उतरवलं आणि ती आत गेली.

"आजीला कळलं?" खळीने मला विचारलं.

"हो बाळा," मी म्हणालो, "कळलं तिला."