मूठभर गोलमो

साहेब, पर्यटन महोत्सवात तुम्ही भर स्टेजवर खोटं बोललात. गळ्यात हार घालून, माईक हातात धरून म्हणालात, की देवबागच्या आयाबायांनी पर्यावरणासाठी मासे सोडले आणि व्हीगन स्वयंपाक स्वीकारला. वर टाळ्याही घेतल्यात. देवबागात कोणी मासे सोडलेले नाहीत. सोडायला आधी हातात असावे लागतात.

आता आमच्या गावच्या संजनाची हकिगत ऐका. तुम्ही जिच्या खांद्यावर शाल घातलीत तीच संजना. तिच्या चुलीवरून मासा कसा उतरला ते तुम्हाला ठाऊक नाही, असं धरून सांगायचं. ठाऊक असेल तर ते आणखी वाईट.

संजनाच्या घराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. नवरा प्रितेश रापणीचा माणूस. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल टाकून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, अर्धा गाव दोरीला लागतो तेव्हा ते वर येतं. सासू सत्यवती मालवणच्या बाजारात मासे विकता विकता म्हातारी झाली. घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या. पाहुणे यायचे ते ताटातल्या बांगड्यासाठी, खाडीचा वारा खायला नाही.

मग रापणीत मासा येईनासा झाला. का, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तिन्हीसांजा झाल्या की समुद्रात दिव्यांचं शहर उभं राहतं. बोटींवर जनरेटर आणि पाण्यावर दिवसासारखा उजेड. उजेडाला भुलून मोठा मासा येतो, पिल्लं येतात, अंड्यावरच्या माद्या येतात, आणि सगळं एका फटक्यात उचललं जातं. या दिव्यांना कागदावर बंदी आहे. पाण्यावर नाही. रापणकर तुमच्या ऑफिसात आले होते, आठवतं? तुम्ही चहा पाजलात आणि म्हणालात, "हा माझ्या खात्याचा विषय नाही. तुम्ही आता पर्यटनाकडे वळा."

वळले बिचारे.

तशात पूजा आली. पुण्याची मुलगी, पाठीला लॅपटॉप, राहायचं बरेच दिवस. ओसरीवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "काकी, आधीच सांगते, मी व्हीगन आहे."

"म्हणजे खंयची?" सत्यवतीने आतून विचारलं.

"म्हणजे मासे, मटण, अंडी काही खात नाही आजी. दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही."

"आजारी आसस?"

"नाही हो."

"मगे कोणी शिक्षा केल्यान?"

संजनाने सासूला डोळ्यांनी गप्प केलं. तिला वाटलं, त्यात काय एवढं, शिवराक तर शिवराक. सोमवारी, संकष्टीला बिनमाशाचं रांधतात त्याला इकडे शिवराक म्हणतात, त्याची भांडीही वेगळी असतात. तिने ती भांडी काढली. काळ्या वाटाण्याची उसळ केली, फणसाची भाजी केली, सोलकढी दिली. पूजा बोटं चाटत जेवली. पण दोन दिवसांनी तिनेच पिशवीतून एक पुडी काढली आणि विचारलं, "काकी, थाय करी करूया?"

पुडीतली सुकी पाती संजनाने हुंगली. "गो बाय, ह्यो तर गवती चहा. आमच्या बावडेकडे रान माजलाहा त्येचा."

नारळाचा रस घरचाच. मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबाची पानं परसातली. नूडल्स मात्र संपल्या होत्या. तेव्हा संजनाने माळ्यावरून शिरवाळ्यांचा लाकडी साचा खाली काढला. तांदळाच्या उकडीचे गोळे वाफवून त्यातून दाबले की पांढऱ्या शेवया पडतात. इकडे त्या गुळाच्या रसात बुडवून खातात. संजनाने त्यांच्यावर हिरवी तिखट करी ओतली. पूजाने ताट चाटूनपुसून पुन्हा पुढे केलं.

मग रोज नवा खेळ. मालवणात टोफू मिळेना, तर संजनाने सोयाबीन भिजवून, वाटून दूध काढलं आणि कोकमाच्या आगळाने नासवलं. टोफू गुलाबी झाला. पूजा म्हणाली, असा जगात कुठे नसेल. एका चिनी भाजीत संजनाने तिरफळं ठेचून घातली, आणि पूजाच्या जिभेला मुंग्या आल्या.

"काकी, हे तर त्या सिच्युआन मिरीचं भावंड आहे. तुम्ही कशात घालता?"

"बांगड्याच्या तिखल्यात. आता बांगडो खंय आसा? पडान होती डब्यात."

हे ती हसत म्हणाली. पण साहेब, तिरफळ डब्यात पडून राहणं ही काय गोष्ट आहे, ते बांगड्याच्या घरात जन्मलेल्या बाईलाच कळतं. घरातलं एक माणूस जेवायला यायचं बंद झालं, तरी त्याचं ताट मांडलेलंच असावं, तसं ते.

एके दिवशी पूजाने दोघींना मालवणात जेवायला नेलं. भाईंचं नवं हॉटेल. भाई म्हणजे तेच, ज्यांच्या दिव्यांच्या बोटी आहेत आणि महोत्सवात जे तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. आत कागदी कंदील, लाल ड्रॅगन, आणि मेनूकार्डात करीच्या नावापुढे व्हीगनचं हिरवं पान. सत्यवती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पहिला घास नाक मुरडून घेतला, दुसरा सावकाश, तिसऱ्याला म्हणाली, "ह्येका म्हणतत करी. संजनाच्या करीत सगळा आसा, पण जीव नाय."

पूजालाही चव लागली. तिने वेटरला विचारलं, यात मासळीचं काही नाही ना.

"प्युअर व्हीगन, मॅडम," तो म्हणाला.

सुनेच्या करीत जीव नाही, हे म्हातारीच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी संजना पाण्याला विहिरीवर गेली तेवढ्यात सत्यवती चुलीशी गेली, टोपाचं झाकण काढलं आणि हात सवयीने डब्यात गेला. गोलमो म्हणजे सुकवलेला बारीक जवळा. इथल्या बाईचा हात भेंडीत, दुधीत, वांग्यात कशातही गोलमो टाकतो. विचार करून नाही, मीठ टाकावं तसा.

पूजा जेवायला बसली. "काकी, आज काय घातलंत? अगदी त्या हॉटेलसारखी झालीय."

"काकीन नाय, मिया घातलंय," सत्यवती दारातून ऐटीत म्हणाली. "मूठभर गोलमो."

"गोलमो म्हणजे?"

संजनाने हातातला डाव खाली ठेवला. "सुको जवळो," ती हळू आवाजात म्हणाली. "बारीक कोळंबीसारखो."

पूजा उठली, माडाच्या बुंध्याशी गेली आणि सगळं ओकली. संजनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं आणि मग वळली. सासूवर आवाज चढवायची ती तिची पहिली वेळ.

"आये, तिच्या पोटात काय जाऊचा ता ती ठरवतली. तू नाय."

"गोलमो म्हणजे काय मासो?" म्हातारीला खरंच कळत नव्हतं. "मासो कापूचो लागता, खवळा काढूची लागतत. गोलमो मसालो. आणि त्या भाईच्या हाटेलात काय होता? माझा नाक काय मेला नाय. थय पण तोच वास इलो."

माडाखालून पूजाने मान वर केली. काल मिटक्या मारत खाल्लेलं आठवलं असावं, ती पुन्हा खाली वाकली.

संजनाने टोप तसाच उचलून उकिरड्यावर ओतला. म्हातारी बघत राहिली. मग आत गेली आणि डबा घेऊन बाहेर आली, पूजासमोर उघडा धरला. तळाला जेमतेम मूठभर उरला होता.

"पयले आमी वाळूर सुकत घालू," ती म्हणाली, "तर चलाक वाट नसा. आता ह्यो इतकोच रवलो. मिया कोणाक देयत नाय, घरात पण घालत नाय. तू पावणी, म्हणान घातलंय."

पूजाने तोंड पुसलं. ती रागावली होती आणि रडतही होती. "आजी, मला नका देऊ. पण हा संपला की?"

सत्यवतीने डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. पूजा आपणहून गेली आणि प्रितेशच्या मागे दोरीला लागली. तळवे सोलवटले तरी सोडलं नाही. जाळं वर आलं, त्यात जेलीफिश, प्लास्टिकच्या बाटल्या आणि एका टोपलीचा तळही झाकणार नाहीत एवढे बारीक पेडवे मासे. वाटे मात्र घातले. रापणीचा कायदा आहे, ज्याचा हात दोरीला त्याचा वाटो. मग तो पावणा असो, परका असो. पूजासमोरही चार पेडवे पडले.

"मी खात नाही हो," ती गडबडली.

"खाव नको," प्रितेश म्हणाला. "पण घे. वाटो नाकारूचो नसता. तू जाळा वडलंस, तुझो हक्क."

तिने ते ओंजळीत घेतले आणि सत्यवतीला नेऊन दिले. म्हातारीने त्या दिवशी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, हात धुऊन, शिरवाळे केले.

पुण्याला गेल्यावर पूजाने संजनाच्या जेवणाचे फोटो टाकले. गुलाबी टोफू, हिरवे शिरवाळे. पाहुणे येऊ लागले. आणि साहेब, मग तुम्ही आलात. दोनदा वाढून घेतलंत. म्हणालात, महोत्सवात संजनाताईंचा सत्कार करायचा.

आदल्या दिवशी प्रितेश तिला म्हणाला, "शाल घे, नमस्कार कर, खाली उतर. होमस्टेची नोंदणी तेंच्या हातात आसा. ती गेली तर आपल्याकडे काय रवला? रापण?"

"माका ठावक आसा," संजना म्हणाली. आणि खरंच तिने ठरवलं होतं, बोलायचं नाही. दोन खोल्यांवर घर चाललं होतं.

पण तुम्ही ते वाक्य बोललात. पर्यावरणासाठी मासे सोडले. भाई शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. खाली पहिल्या रांगेत सत्यवती बसली होती. तिने शेजारणीला विचारलं, "कोणी सोडल्यान?" आणि ते स्टेजवर ऐकू गेलं.

संजनाने खांद्यावरची शाल काढून घडी केली. माईकपाशी गेली. आधी शुद्ध बोलली, शाळेत भाषण करतात तसं. "साहेबांचे आभार. मला हा स्वयंपाक आवडतो. जो खातो त्याला मी मनापासून करून घालते, त्यात फसवत नाही." मग तिची मालवणी वर आली. "पण आमी मासे सोडूक नाय. आमच्याकडसून नेल्यानी. कोणी नेल्यानी ता हय खुर्चेर बसलेल्यांका इचारा."

माईक बंद झाला. वीज गेली म्हणे. स्टेजवरचे दिवे मात्र चालूच होते.

तेवढ्यात सत्यवती पायऱ्या चढून वर आली. हातात डबा. घरून तिने तो का आणला होता, कोण जाणे. बहुधा सत्काराच्या जेवणात जीव घालायला. तिने तुमचा हात धरला, साहेब, तळवा उघडला आणि उरलेला गोलमो त्यावर ओतला.

"घेवा. ह्यो तुमचो वाटो," ती म्हणाली. "जो हात लावता त्येका वाटो मिळता."

तुम्ही हसलात. फोटोवाल्याला वाटलं प्रसाद आहे, त्याने फोटो काढला. मग तुम्ही रुमालाने हात पुसलात आणि तो शेवटचा गोलमो स्टेजच्या गालिच्यावर सांडला. संजनाने ते पाहिलं. ती वाकली, एकेक दाणा पदरात वेचायला लागली. प्रितेश वर आला आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून वेचू लागला. नोंदणीचं एक अक्षर तो बोलला नाही.

पुढच्याच आठवड्यात तुमची माणसं घरी आली. माळा धुंडाळला, गोलमोचा रिकामा डबा हुंगला आणि सांगितलं, व्हीगन म्हणवणाऱ्या स्वयंपाकघरात मासळीचा वास आहे, पाहुण्यांची फसवणूक आहे, नोंदणी थांबवली. आलेले पाहुणे परत पाठवताना संजनाने प्रत्येकाला शिरवाळे बांधून दिले. भाईंच्या हॉटेलात हिरवं पान अजून तसंच आहे. तिथे कोणी काही हुंगलं नाही.

सत्यवतीने डबा धुतलेला नाही. वास जाईल म्हणते. संजना आता रोज सकाळी दोरीला जाते, जाळं रिकामं आलं तरी जाते, आणि परत येताना एकच गोष्ट विचारते. प्रितेशला विचारून झालं, गावाला विचारून झालं, तुमच्या ऑफिसच्या दारात उभी राहूनही विचारून झालं. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मीटिंग संपली असेल तर ऐका. आमच्याकडे वाटा फुकट मिळत नाही, दोरीला हात लावावा लागतो. त्या घरातला शेवटचा वाटा तुमच्या तळहातावर पडला, तो तुम्ही घेतलात आणि पुसून टाकलात. मग संजना विचारते ते हेच, तुमचा हात कुणाच्या दोरीला होता? रापणीच्या, की दिव्यांच्या बोटीच्या? खातं कुठलं ते सांगू नका. हात कुठे होता ते सांगा. संजना दारात उभी आहे.