दहापट

"आधी कागदावर काढ, मग यंत्राला विचार. यंत्र महागाचं असलं म्हणून खरंच बोलेल असं नाही."

ऑटम सरांचा तो खरखरीत आवाज मारिसेलाच्या कानात अजून तसाच होता. तीन गावांतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, ते शिकवायचे. त्यांची अर्धी प्रयोगशाळा गाडीच्या डिकीत. तिच्या गावच्या, सालिनासच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये डिकी उघडली की जुने मीटर, तारांची भेंडोळी, आणि वर शेजारच्या शेतातल्या लेट्यूसच्या भाजीचा ओला वास. त्याच शेतात तिची आई वाकलेली असायची.

आता ती युनिव्हर्सिटीत होती, आणि प्राध्यापक लिंडहोम तिची गुणपत्रिका चिमटीत धरून प्रयोगशाळेत उभे होते.

"सर्किट्सचा विषय इथे पुन्हा घ्या. तिकडचं शिक्षण... समजून घ्या ना."

"म्हणजे अख्खं वर्ष जाईल, सर."

"पाया पक्का होईल."

"मग पाया तपासून बघा. इथेच."

शेजारच्या टेबलावर तिच्या वर्गातला प्रेस्टन आणि त्याची प्रयोगातली जोडीदार तासभर अडले होते. व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर अर्धा व्होल्ट, त्याच्या वर काही जाईना. बोर्ड दोनदा बदलून झाला होता.

"ये बाई," प्रेस्टन म्हणाला, "लेट्यूसच्या गावाची काही युक्ती असेल तर सांग."

मारिसेलाने यंत्राकडे बघितलंही नाही. पेन्सिल घेतली, चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं पाच. पाच आणि अर्धा: बरोबर दहापट. तिने बोर्डापासून यंत्राकडे जाणारी तपासणीची कांडी उचलली, कांडीच्या मानेवरचं तांदळाएवढं बटण नखाने सरकवलं. पडद्यावरची लाट उसळून पाचावर गेली.

"बोर्ड बरा होता," ती म्हणाली. "कांडी दहावा हिस्सा देत होती, आणि यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं."

प्रेस्टनने कान खाजवला. "हे कुठे शिकलीस गं? कुठलं कॉलेज?"

इथे आल्यापासून तीन आठवडे हाच प्रश्न ती टोलवत आली होती. "सालिनासची" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आजही ओठांवर तेच आलं होतं. तिने ते गिळलं, आणि लिंडहोमांच्या चिमटीतली गुणपत्रिका घेऊन टेबलावर सपाट केली.

"कम्युनिटी कॉलेज," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दोन वर्षं. गाडीच्या डिकीतून शिकले. आणि सर, हा विषय मी पुन्हा घेणार नाही."