पालथ्या शिळेवरची रेघ

मी एक जुनी शिळा आहे. निलंग्याच्या वाटेवरच्या एका गावात, आडाजवळ पालथी पडले आहे. मित्रांनो, तुम्हाला माझी नुसती पाठ दिसते. मातीतल्या बाजूला एक छोटा गणपती कोरलेला आहे, कारण कधीकाळी मी देवळाच्या दारावरची गणेशपट्टी होते.

तेव्हा आमच्या गावात चार देवळे होती आणि जैनांची एक बसदी. आता महादेवाचे एकच देऊळ उभे आहे. बाकीच्यांचे दगड कुणी गढीला नेले, कुणी गोठ्याला. माझे देऊळ कोसळले तेव्हा मी तोंडावर पडले. पुढे बायका माझ्यावर धुणे आपटू लागल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्यांच्या गप्पा ऐकत दिवस बरे जात.

भीती शिरली ती बहात्तरच्या दुष्काळात. आड आटला, धुणे थांबले आणि रस्त्यासाठी खडी फोडायचे काम निघाले. मुकादम सटवाजी सकाळी चुन्याची बादली घेऊन फिरे. ज्या दगडावर तो आडवी रेघ ओढी, त्याची दुपारपर्यंत खडी होई. माझ्या शेजारी बसदीचा खांब पडलेला होता. शेकडो वर्षांचा शेजार आमचा. एके दिवशी त्याच्यावर रेघ आली. आज त्याच्यावरून एसटी जाते, आणि ती गेली की मी अजून थरथरते.

दुसऱ्या दिवशी रेघ माझ्या पाठीवर आली.

खडी फोडणाऱ्यांत मल्लम्मा होती. धुताना एकदा तिचा साबण माझ्याखाली घसरला होता. तो काढताना गणपतीची सोंड तिच्या बोटांना लागली होती. पण मला उलटवायला चार गडी लागतात, आणि दुष्काळी कामावर वाटलेल्या मूठभर सुकडीवर जगणाऱ्यांच्या अंगात तेवढे बळ कुठले? तिने चुन्यात बोटे बुडवली आणि सटवाजीच्या रेघेखाली आणखी दोन रेघा ओढल्या. महादेवाच्या कपाळी विभूतीचे पट्टे असतात, तसे तीन पट्टे झाले.

घणवाल्याला घेऊन आलेला सटवाजी थबकला.

"अव्वा, म्या एकच रेघ वढली व्हती."

"आसंल की." मल्लम्माने बोटे पदरात लपवली.

"मंग ह्या दोन कुणाच्या?"

"मला काय इचारता मुकादम? ज्याचं कपाळ त्याला इचारा."

"धुण्याच्या धोंड्याला कुठलं आलंय कपाळ?"

"तुमच्या बायकूनं तुमची धोतरं ह्याच्यावरच आपटली. देवानं गप सोसलं. आता घण सोसतोय का, बघा मारून."

घणवाला मागे सरला. सटवाजीने हळूच हात जोडले. "ऱ्हाऊ द्या. फुडला घ्या."

चुना दोन पावसाळ्यांत धुऊन गेला. पुढे मल्लम्माही गेली. यंदा लातूर वेगळा जिल्हा झाला. गावाने गुलाल उधळला, थोडा माझ्यावरही पडला. पण नव्या जिल्ह्याला रुंद रस्ते हवेत, आणि रुंद रस्त्यांना खडी लागते. काल एक अनोळखी माणूस चुन्याची बादली घेऊन आला.

माझ्या पाठीवर पुन्हा एक रेघ आहे. एकच.

मित्रांनो, जुना दगड फोडण्याआधी एकदा उलटून पाहा. त्यासाठी चार माणसे जमली नाहीत, तर एकट्याने या. दोन रेघा ओढायला दोन बोटे पुरतात. काम सोमवारी सुरू होणार आहे.