नऊ घालून बघा

मालनची वही उघडली की मृणालिनीबाईंच्या कपाळावर आठी पडायची. उत्तर बरोबर, खाली ताळा बरोबर, आणि मधल्या पायऱ्या? गायब. क्ष बरोबर सात, म्हणे. सात काय आकाशातून पडला?

बाई दादरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांना त्या दुपारी लालबागच्या एका मंडळाच्या खोलीत गणित शिकवायच्या, तेही फुकट. गेल्या वर्षी दोघींनी मोबाइलवर गणितांचे फोटो काढून उत्तरं उतरवली आणि निकालाच्या दिवशी नापास होऊन बाईंना तोंडघशी पाडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बाई तर आता पाणीसुद्धा फुंकून पीत होत्या. मालन गणित सोडवताना ओठ हलवायची. तिने कानात काही खुपसलंय का, हे बघायला बाई शिकवता शिकवता तिच्या मागून एक चक्कर मारून यायच्या.

मालन परळच्या एका इस्पितळात सफाईचं काम करायची. दहावी झाली तर तिथे कायम होणार होती. परीक्षेला कोणी बसायचं, त्याची यादी बाई आजच पाठवणार होत्या.

"मालनताई, थांबा जरा," बाकीच्या गेल्यावर बाई म्हणाल्या. "मोबाइल इथे टेबलावर ठेवा. आणि केस मागे घ्या."

मालनने केस मागे घेतले. कानात कुड्यांशिवाय काही नव्हतं. तिचा चेहरा पडला.

गणित बाईंनी पुस्तकातलं घेतलं नव्हतं. सकाळी चहा पिता पिता स्वतः रचलं होतं, सोडवलं होतं, वर ताळाही केला होता. कुठून उतरवायची सोयच नको. ३(क्ष − ४) = २क्ष + ५. उत्तर नऊ.

मालन ओठ हलवत बसली. दहा मिनिटांनी तिने कागद पुढे केला. क्ष बरोबर सतरा.

खरं सांगायचं तर बाईंना बरं वाटलं. आपला संशय खरा ठरल्याचं सुख काही वेगळंच असतं. त्यांनी यादी ओढली आणि मालनच्या नावावर काट मारली.

"मोबाइल नसला की हे असं होतं. उत्तर नऊ आहे."

"नऊ मी आधीच घालून बघलंय, बाई. जुळत नाय."

"मी ताळा केलाय!"

"मग माझ्यासमोर नऊ घालून बघा."

बाईंनी तणतणतच पेन उचललं. नवातून चार गेले, पाच. पाच त्रिक पंधरा. उजवीकडे तेवीस. पुन्हा केलं, तरी पंधराच. त्यांनी पर्समधून सकाळचा कागद काढला. दुसऱ्या ओळीत ३क्ष − ४ लिहिलं होतं. कंसातल्या चाराला तीनने गुणायचंच राहिलं होतं, आणि ताळा त्याच चुकलेल्या ओळीत घेतला होता. 'ताळा मूळ समीकरणात घ्या गं,' असं त्यांनी तीस वर्षं घसा फोडून सांगितलं होतं.

"मग सतरा कुठून आणलात?" बाईंचा आवाज खाली आला.

"नवाला आठांचो फरक होतो. धा घातलंय, फरक सात. एक वाढवलो की फरक एकाने कमी. म्हणजे नवावर आठ. मग सतरा घालून बघलंय. दोन्हीकडे एकोणचाळीस."

पायरी होती तर! वहीत नव्हती, ओठांवर होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी चुकले, मालनताई," त्या म्हणाल्या. "गणितात चुकले, आणि तुमच्या बाबतीतही."

त्यांनी नवा कागद घेऊन सगळी यादी पुन्हा लिहून काढली. मालनला वाटलं असतं तर ती उठून गेली असती. पण तिने बटव्यातून आधारकार्ड काढलं, यादीशेजारी ठेवलं आणि आपल्या नावाखाली बोट धरून एकेक अक्षर ताडून बघू लागली. मग आडनाव. मग जन्मतारीख. मग पुन्हा पहिल्यापासून.

"तुमका घाई नाय ना, बाई?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बघा तुम्ही."