दसऱ्याला धुतलेला चार्जर

दसऱ्यापासून मनोहररावांचा आवाज बंद होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेल्यापासून ते गळ्याला एक यंत्र टेकवून बोलत. इंग्लंडच्या पुतण्याने ते पाठवलं होतं. आवाज भुंग्यासारखा यायचा, पण यायचा. दसऱ्याला त्यांच्या पत्नी यमुताईंनी विळी, कात्री आणि शिलाई मशीनच्या रांगेत त्या यंत्राचा चार्जरही ठेवला. आधी नारळाच्या शेंडीने घासून धुतला, मग हळदकुंकू लावलं. संध्याकाळी प्लगमध्ये घालताच त्यातून धूर निघाला. त्यावरचं व्होल्टचं लेबल घासण्यातच गेलं होतं.

तेव्हापासून मनोहरराव पाटीवर लिहून भांडत होते आणि त्यांची सून प्रमोदिनी ऑफिस सुटलं की नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातली दुकानं पालथी घालत होती. बाकीच्या दुकानदारांनी हात वर केले. उरला रेडिओ दुरुस्त करणारा ताराचंद.

त्याने चार्जर बल्बखाली धरला. "याच्यावर तर काहीच नाही राहिलं. आंघोळ घातली का याले?"

"पूजा केली. सासूबाईंनी."

"मंग भेटला ना प्रसाद!" तो हसला. प्रमोदिनीला हसायचंही त्राण नव्हतं.

त्याने खोक्यातून दोन नवे चार्जर काढले. "सहा व्होल्टचा देऊ का नऊचा? तुमी सांगान तो."

"मला माहीत असतं तर अशी वणवण केली असती का?"

ताराचंदने यंत्र उघडून आतले आखूड सेल काढले, मीटर लावला. "सहाचाच लागन. पण पिनच्या मधात प्लस हाय का बाहेरून, हे कोन सांगन? उलटं लागलं तर मशीन गेली. लावून पाहू?"

'लावा' हा शब्द प्रमोदिनीच्या ओठांवर आला होता. काहीही झालं तरी फिरणं संपलं असतं. पण पुतण्याच्या मागच्या पत्राला वर्ष होत आलं होतं. दुसरं यंत्र येणार नव्हतं. तिने यंत्रावर हात ठेवला.

"सेलवर प्लस-मायनस आहे ना?"

"हाय."

"मग यंत्र राहू द्या. नुसते सेल चार्ज करून द्या."

"देईन. रातभर इथं ठेवा लागन. असे सेल नागपुरात भेटत नाही, म्हंजे दर दोन दिसांनी तुमाले चक्कर."

"घरीच करता येईल असं काही?"

"तारा उघड्या राहतीन, ताई. अन् घरी सासूबाई हाय."

दुसऱ्या दिवशी ती भरलेले सेल घेऊन प्रताप नगरच्या घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मनोहररावांनी यंत्र गळ्याला लावलं.

"उशीर काहून केला वं?"

मग ते यमुताईंकडे वळले. पाटीवर न मावलेलं सगळं बाहेर पडू लागलं.

"दसऱ्याले मशीन नाही पुजाव, तर मंग काय पुजाव?" यमुताईही हटल्या नाहीत.

"बाबा, जपून बोला, दोन दिवस पुरवायचंय," प्रमोदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

पानं वाढेपर्यंत आवाज खोल गेला. मनोहररावांनी यंत्र झटकलं, पुन्हा गळ्याला लावलं, आणि मान खाली घालून तिच्यापुढे धरलं. प्रमोदिनीने पदराला हात पुसले, सेल काढले आणि पर्समध्ये टाकले.